अकरा खेपा

वकीलबाईंनी खर्च सांगायला सुरुवात केली तेव्हा सासूबाई चष्मा पुसत होत्या. काचा पुसून चष्मा नाकावर चढेपर्यंत आकडा दोनदा वाढला होता.

"कोर्टाची फी वेगळी, माझी वेगळी," वकीलबाई म्हणाल्या. "तज्ज्ञ डॉक्टर दोन लागतील. एक बाळंतपणातले, एक भूल देण्यातले. फाइल वाचून लेखी मत द्यायचे एक पैसे, कोर्टात उलटतपासणीला उभं राहायचे दुसरे. तारीख पुढे गेली तरी त्या दिवसाचे पैसे त्यांना द्यावेच लागतात. आणि तारखा पुढे जातातच."

"किती वर्षं?" जावयाने विचारलं.

"पाच धरा. सात झाली तर मला बोल लावू नका. आणि हरलो तर समोरच्यांचा खर्चही आपल्याच गळ्यात पडू शकतो."

जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. गल्लीत सगळे त्याला लिफ्टवाला म्हणत, आणि त्याची बायकोही लाडात आली की तेच म्हणायची. पावणेदोन वर्षांपूर्वी ती बाळंतपणाच्या ऑपरेशनला आत गेली ती परत आली नाही. पोर जगली. आज ती शेजारणीकडे होती आणि इकडे तिचा बाप आणि आजी वकिलाच्या टेबलासमोर बसले होते, कारण दावा लावायची दोन वर्षांची मुदत संपत आली होती.

"आणि मिळतील किती?" सासूबाईंनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी घरून घोकून आणला होता. शेजारणीने पेपरात वाचलं होतं की कुठल्याशा बाईला अकरा कोटी मिळाले. अकरा म्हणजे जरा अतीच, असं म्हणून सासूबाईंनी मनातल्या मनात मोठ्या उदारपणे नऊ कोटी सोडून दिले होते आणि दोनांवर गाडी आणून ठेवली होती.

वकीलबाईंनी कागद ओढला. मुलीचं वय? एकोणतीस. काम? चष्म्याच्या दुकानात, अर्धा दिवस, फ्रेममध्ये काचा बसवायची. पगार विचारला, घरकामाचे काही धरले, पोरीला आई नाही म्हणून त्याचे काही धरले. खाली जो आकडा आला तो सासूबाईंच्या दोन कोटींच्या आठव्या हिश्शाएवढाही नव्हता.

"यातून आता खर्च वजा करा," वकीलबाई म्हणाल्या. बाई गोड बोलून गळ्यात मारणाऱ्यातली नव्हती, एवढं कबूल करायलाच हवं.

"माझ्या ठकीची एवढीच किंमत?" सासूबाईंचा आवाज चढला. तीस वर्षं पोस्टात काउंटरच्या मागे बसून चढवलेला आवाज तो, बाहेरच्या खोलीतला कारकूनही दचकला.

"तिच्या पगाराची, आई. तुमच्या ठकीची किंमत मला काढता येत नाही आणि कोर्टालाही नाही. खोटं कशाला सांगू?"

सासूबाईंची स्वतःची खोली होती, निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली. तिला गिऱ्हाईक मिळालं होतं आणि सोमवारी ते इसार घेऊन यायचं होतं. तो पैसा या खटल्यात घालायचा आणि म्हातारपणी जावयाच्या घरात कोपरा धरायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. नको म्हणायची कोणाची छाती नव्हती.

लिफ्टवाल्याला मात्र कोटीही नको होते आणि लाखही. त्याला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, की आत तिला कोणी वाऱ्यावर सोडलं. त्या दिवशी चार तास तो बाकड्यावर बसला होता आणि चार तासांत त्याला दोनच शब्द ऐकू आले होते, "थोडं थांबा". मग एक डॉक्टरीण बाहेर आली, कपाळावर केस घामाने चिकटलेले, "आम्ही खूप प्रयत्न केले" म्हणाली आणि भिंतीला धरत निघून गेली. त्यानंतर सगळ्या दवाखान्याने तोंडाला कुलूप लावलं. विचारायला गेलं की अर्ज करा. अर्ज केला की कमिटी बसली आहे. ज्याला लपवायचं नसतं तो असा वागेल का? खोली विकायची की नाही, हे या एका उत्तरावर होतं. कोणाची चूक नसेल तर सासूबाईंना बेघर कशाला करायचं, आणि असेल तर त्या माणसाला मोकळं कसं सोडायचं?

"मी फी घ्यायच्या आधी सिस्टर फाइल वाचतात," वकीलबाई म्हणाल्या. "त्या नाही म्हणाल्या तर मी केस घेत नाही, तुम्ही कितीही पैसे मोजा. चला, त्यांचं मांडून झालंय."

सिस्टर म्हणजे सत्तरीची, चणीने लहान, पांढऱ्या केसांची बाई. अडतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेली. आता वकीलबाईंकडे येऊन दवाखान्यांच्या फाइली वाचायच्या. त्यांची वाचायची रीत अशी, की फाइल सोडायची आणि पानं वेळेच्या क्रमाने जमिनीवर मांडायची. एक फरशी म्हणजे दहा मिनिटं. ज्या दहा मिनिटांत काही घडलं नाही तिथे फरशी मोकळी राहते, आणि जिथे घोळ असतो तिथे ती मोकळी फरशीच बोलते, असं त्या सांगायच्या. फाइल नुसती चाळून कोणाला काही कळत नाही, डॉक्टरांनाही नाही, हे त्यांचं ठाम मत होतं.

त्यांनी दार उघडलं आणि लिफ्टवाला उंबऱ्यावरच थांबला. खिडकीपाशी पहिला कागद होता. तिथून कागदांची रांग खोलीभर पसरत, फरशीगणिक दाट होत, दाराबाहेर पडली होती आणि पुढे पॅसेजमधून पाण्याच्या फिल्टरपर्यंत गेली होती. एकही फरशी मोकळी नव्हती. शेजारच्या ऑफिसातली माणसं भिंतीला चिकटून चालत होती आणि सिस्टरकडे रागाने बघत होती.

"चपला काढा," सिस्टर म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"बाहेर. बाकड्यावर."

"मग आता आत चला."

तो खिडकीपाशी गेला आणि गुडघ्यांवर बसला. सासूबाईंना कोणीतरी खुर्ची दिली, ती त्यांनी नाकारली.

"एक सांगू का सिस्टर?" तो म्हणाला. "हे सगळं नंतर बसून लिहिलेलं असणार. आमच्या धंद्यात रोज असली रजिस्टरं बघतो मी. एका बैठकीत भरलेलं पान मला लांबून ओळखू येतं."

"उत्तम," सिस्टर म्हणाल्या. "मग शोधा. मला सापडलं नाही, तुम्हाला सापडलं तर मला हवंच आहे."

आणि तो शोधायला लागला. जिद्दीने, दात-ओठ खाऊन. प्रती रंगीत होत्या, त्यामुळे शाई दिसत होती. एका बैठकीतलं लिखाण कसं असतं, सरळ. ओळी एका रेषेत, अक्षर एका मापाचं, पेन एकच, सह्या एका तिरपेपणाच्या. इथे तसं काही मिळेना. बारा वाजून सहा मिनिटांची नोंद निळ्या शाईत सुरू झाली होती आणि शब्दाच्या मध्येच काळी झाली होती. पेन कोणाच्यातरी खिशातून हिसकावून घेतलं असणार. एके ठिकाणी बारा एकेचाळीस खोडून चव्वेचाळीस केलं होतं आणि खोडलेल्यावर घाईची सही होती. एका नर्सचं अक्षर फरशीगणिक मोठं आणि वेडंवाकडं होत गेलं, मग एकदम थांबलं, आणि पुढे दुसरंच अक्षर लागलं. एका पानाच्या कोपऱ्यावर तपकिरी ठसा होता. तो कसला, हे त्याने विचारलं नाही.

"नाही," शेवटी तो म्हणाला. "हे तिथल्या तिथेच लिहिलंय." आणि मागे टेकून बसला. पावणेदोन वर्षं ज्याच्या भरवशावर चीड जपली होती, तेच हातातून सुटलं.

"आता सुरुवातीपासून," सिस्टर म्हणाल्या, आणि त्याच्या शेजारी बसल्या.

अकरा वाजून बत्तीस मिनिटं. मुलगी जन्मली, लगेच रडली. अकरा चौतीस. सिस्टरांनी बोट ठेवलं आणि वाचून दाखवलं, "बाळ आईला दाखवलं. आई शुद्धीवर. आईने विचारलं, डोक्यावर केस आहेत का. आहेत म्हणून सांगितलं. आई हसली."

ठकीने पोरीला पाहिलंच नाही, हे दोघं धरून चालले होते. सासूबाई ते येईल त्याला सांगायच्या, लिफ्टवाला कोणालाच सांगायचा नाही, पण दोघांच्या जिवाला तीच गोष्ट खात होती.

"हे असं लिहितात?" सासूबाईंनी विचारलं. आवाज आता काउंटरमागचा नव्हता.

"दाखवलं एवढं लिहायचा नियम आहे," सिस्टर म्हणाल्या. "केसांचं लिहायचा नाही. ते तिथल्या नर्सने आपणहून लिहिलंय."

लिफ्टवाला तोंडावर हात धरून रडला. ढसाढसा, लाज न बाळगता. पोर टकली जन्मेल असं म्हणून त्याने बायकोला नऊ महिने चिडवून चिडवून भंडावून सोडलं होतं. वकीलबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या आणि सासूबाईंनी त्याच्या पाठीवर नुसता हात ठेवला.

मग पुढचं सुरू झालं. बाराला दहा कमी असताना रक्त थांबेना. सिस्टर एकेक फरशी सरकत होत्या आणि साध्या शब्दांत सांगत होत्या. इथे पहिलं औषध दिलं. इथे दुसरं. इथे दुसऱ्या सर्जनला बोलावलं, त्या पाच मिनिटांत आल्या, म्हणजे पळतच आल्या असणार. इथे गर्भाशय काढायचा निर्णय झाला. इथे तिसऱ्या सर्जन आल्या, त्या रजेवर होत्या, घरच्या कपड्यांवरच आल्या. भूल देणाऱ्या डॉक्टरांचा एक लांबच लांब तक्ता होता. दर पाच मिनिटांना एक ठिपका नाडीचा आणि एक रक्तदाबाचा. ठिपके खाली घसरत जायचे, इतके की पुढे कागदच संपेल असं वाटावं, आणि मग कोणीतरी काहीतरी करायचं आणि ते पुन्हा वर चढायचे.

"चार वेळा," सिस्टर म्हणाल्या. "चार वेळा वर आणलंय त्यांनी तिला. मी अडतीस वर्षांत असा तक्ता दोनदा पाहिला."

लिफ्टवाला तक्त्यावरून नुसती नजर फिरवत होता. त्याला त्यातलं अर्धंही कळत नव्हतं, पण भार ओढणं काय असतं ते त्याला कळत होतं. चार वेळा एक माणूस तळातून वर ओढायचा, हातांनी, औषधांनी, रक्ताने, आणि पाचव्यांदाही दोर सोडायचा नाही. दोन अठराला हृदय बंद पडलं. तिथून पुढे कागदावर दर दोन मिनिटांना एक नाव होतं. छाती दाबणाऱ्याचं. एक दमला की दुसरा. बावन्न मिनिटं. नावांपुढे खातं लिहिलं होतं. भूल विभाग, बालरोग, हाडांचा विभाग. एक डोळ्यांचे डॉक्टर होते, त्यांची पाळी पाच वेळा आली होती.

"डोळ्यांचे कशाला?" सासूबाई म्हणाल्या.

"त्या मजल्यावर तेच मोकळे असतील. हात लागत होते, ताई. कोणाचेही."

पॅसेजमधल्या शेवटच्या फरशीवर तीन वाजून दहा मिनिटं होती. सिस्टरांनी सह्या मोजून ठेवल्या होत्या. त्रेचाळीस माणसं. ज्या चार तासांत आपली बायको एकटी टाकली गेली म्हणून लिफ्टवाल्याने शिव्याशाप दिले होते, त्या चार तासांत तिच्याभोवती त्रेचाळीस माणसं होती. तिच्या लग्नाला इतकी आली नव्हती. तो फिल्टरपाशी उभा राहून उलट खिडकीकडे बघत राहिला, सगळी रांग एका नजरेत मावेना. हे सगळं एका दाराआड झालं होतं आणि दाराबाहेर कोणी एक वाक्य बोललं नव्हतं. त्याला राग यायला हवा होता, पण आता त्याला कोणाच्या तरी पाया पडावंसं वाटत होतं.

"म्हणजे केस नाही," तो म्हणाला. "आई, सोमवारी त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवा."

"थांबा," सिस्टर म्हणाल्या. "मी केस नाही असं म्हटलेलं नाही."

त्या मागे वळल्या आणि बारा वाजताच्या फरशीपाशी गेल्या. तिथे लहान लहान चिठ्ठ्या होत्या, रक्ताच्या पिशव्यांच्या. रक्तपेढी तळघरात. थिएटर पाचव्या मजल्यावर. प्रत्येक चिठ्ठीवर दोन वेळा लिहिलेल्या, पिशव्या खालून कधी निघाल्या आणि वर कधी पोचल्या. पहिली खेप, निघाली बारा नऊ, पोचली बारा अठरा. नऊ मिनिटं. दुसरी आठ. तिसरी नऊ. "दीड मिनिटात यायला हवं," सिस्टर म्हणाल्या. "मी म्हटलं ही पोरं वाटेत करत काय होती? मग खाली बारीक अक्षरात हे दिसलं."

चिठ्ठीच्या तळाशी लिहिलं होतं, लिफ्ट बंद, जिन्याने आणलं.

"प्रत्येक चिठ्ठीवर आहे. रक्त, बर्फाचा डबा, औषधं, सगळं. अकरा खेपा. पाच मजले आणि तळघर. सह्या बघा. शिकाऊ नर्स, शिकाऊ नर्स, वॉचमन, परत तीच शिकाऊ नर्स, स्वयंपाकघरातला माणूस. सातव्या खेपेला त्या मुलीने 'पडले, पिशव्या ठीक' असं लिहिलंय. स्वतःचं काही लिहिलेलं नाही."

"आणि ती मिनिटं मिळाली असती तर?" वकीलबाईंनी विचारलं.

"पहिल्या तीन खेपा वेळेवर पोचल्या असत्या तर," सिस्टर सावकाश म्हणाल्या, "मी शपथेवर सांगणार नाही की ती वाचलीच असती. पण वाचायचा चान्स होता. चांगला चान्स होता."

लिफ्टवाला खाली बसला. त्या दिवशी तोही जिन्यानेच चढला होता. थिएटरच्या मोठ्या लिफ्टच्या दाराला दोरी बांधलेली होती, आणि बायकोची बॅग खांद्यावर घेऊन चढताना तो तिला म्हणाला होता, कोण गाढव बघतं गं हिच्याकडे? ती पुढे चाकाच्या खुर्चीत होती, दोघांनी खुर्ची उचलली होती, आणि हसून ती म्हणाली होती, तुमच्यातलाच कोणीतरी असेल.

"फाइल देताना दवाखान्याच्या वकिलांनीच हे जोडलंय," वकीलबाईंनी एक जाड कागद पुढे केला. "लिफ्टचं तपासणी कार्ड. म्हणणं असं, की लिफ्टचं कंत्राट बाहेरच्या कंपनीकडे आहे, दर महिन्याला तपासणी होते, चार दिवस आधीच झाली होती, आमचा दोष नाही. मला यात काही वावगं दिसेना. तुम्ही बघा."

त्याने कार्ड घेतलं. बघायला फार वेळ लागला नाही. आठ महिन्यांच्या आठ नोंदी, ओळी एका रेषेत, अक्षर एका मापाचं, पेन एकच. ब्रेक लायनरची, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्टीची, जाडी आठही महिने तीच, एका केसाचाही फरक नाही. दिवसाला तीनशे फेऱ्या मारणारी लिफ्ट आणि लायनर झिजतच नाही. आणि नोव्हेंबरच्या नोंदीत तारीख होती एकतीस. नोव्हेंबरला एकतीस तारीख नसते. चहा घेता घेता, मांडीवर कार्डांचा गठ्ठा घेऊन, महिनाअखेर म्हणून हात आपोआप एकतीस लिहून जातो.

"हे बसून भरलंय," तो म्हणाला. "आठ महिने लिफ्टला कोणी हात लावलेला नाही."

वकीलबाईंचे डोळे चमकले. नाही म्हटलं तरी वकीलच त्या. "म्हणजे दावा डॉक्टरांवर नाही, लिफ्ट कंपनीवर. कंपनीचा विमा असणार. आपण आधी मांडला तो आकडा तिप्पट धरा, आणि विमावाले कोर्टाबाहेर मिटवायलाही येतील. डॉक्टर उलट आपल्या बाजूने उभे राहतील." मग त्यांनी हात वर केला. "पण कंपनी दहा इंजिनीयर आणेल. एकतीस तारीख ही लेखनातली चूक आहे, लायनर चांगल्या प्रतीचा आहे, असं छातीठोकपणे सांगतील. हा धंदा आतून कसा चालतो, हे सांगणारा कोणीतरी मला उभा करावा लागेल. आणि त्याला पहिला प्रश्न काय येईल ते मी आत्ताच सांगते. 'तुम्ही स्वतः असं कार्ड कधी भरलंय का?' शपथेवर उत्तर द्यायचं."

पॅसेजमध्ये कोणीतरी फिल्टरचं पाणी भरत होतं. लिफ्टवाल्याचा चेहरा उतरला. सासूबाईंचं लक्ष त्याच्या चेहऱ्यावरच होतं. पोस्टात तीस वर्षं माणसं वाचलेली बाई ती, तिच्यापासून काय लपणार.

"जावईबापू," त्या म्हणाल्या. "तुम्ही केलंय असं?"

नाही म्हणणं सोपं होतं. वकीलबाईंना दुसरा कोणी मिळाला असता, नाहीतर दावा पहिल्या आकड्यावरच राहिला असता. नोकरी राहिली असती, लायसन्स राहिलं असतं. पोरीला बापाच्या पगारावरच तर वाढायचं होतं.

"केलंय," तो म्हणाला. "एका माणसाला चाळीस लिफ्टा देतात, आई. महिन्यात होत नाहीत. ज्या नीट चालतात त्यांची कार्डं बसून भरायची. सगळेच भरतात."

"किती वेळा?"

"मोजलं नाही."

आता या फाडून खातील, असं वकीलबाईंना वाटलं असावं, त्या अर्ध्या उठल्या. पण सासूबाई चिठ्ठ्यांपाशी गेल्या, मोठ्या कष्टाने खाली बसल्या आणि सातव्या खेपेची चिठ्ठी बघत राहिल्या. त्यांचा राग आत कुठे गेला ते त्यांनाच माहीत. पण बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज त्या लहान चिठ्ठीपेक्षा मोठा नव्हता.

"ही कोणाची कोण पोर. जिन्यावर आपटली, आणि पहिलं काय लिहिलं, तर पिशव्या ठीक. आपली प्रत्येक खेप लिहिली हिने. उशीर झालेलाही लिहिला. लपवला नाही." त्यांनी मान वर केली. "तुम्हीही लिहा. एकूण एक लिहा. नोकरी जाईल. जाऊ दे. खोली विकत नाही मी, आपण तिघं तिथे राहू."

"आई, मी..."

"मला माफी नका मागू. मला ती जमेल की नाही, माहीत नाही. तुम्ही लिहा."

सिस्टरांनी कोरा कागद आणि पेन आणून त्याच्यासमोर, फरशीवरच ठेवलं. "कुठून सुरू करू?" त्याने विचारलं. "या महिन्यापासून मागे जा," वकीलबाई म्हणाल्या. "आठवायला सोपं."

तो वाकला. गेल्या मंगळवारची तारीख घातली. पुढे पत्ता घातला. आणि पत्ता लिहून झाल्यावर तो त्या ओळीकडे असा बघत राहिला, की सासूबाई सरकत जवळ आल्या आणि चष्मा सावरून त्यांनी ती वाचली. एका प्रसूतिगृहाचा पत्ता होता. चार मजले.

"इथे... गेला नव्हतात?"

"नाही. चालते नीट म्हणून..." त्याने त्या ओळीवर बोट ठेवलं. "मोटारीला आवाज येतोय, असं त्यांनी दोनदा कळवलं होतं. पुढच्या महिन्यात बघू म्हटलं." तो पेन खाली ठेवून उठला, खिशात किल्ल्या चाचपल्या. "आई, मी आधी जाऊन येतो. उरलेलं संध्याकाळी येऊन लिहितो. सगळं लिहितो, शपथेवर."

"मग उभे काय राहिलात?" सासूबाई कडाडल्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहत असतानाच त्यांनी त्याला दाराकडे ढकललं. "पळा!"